गुडघ्याचा झटका गुडघ्यात नसतो: कॅरेक्टरच्या मोशन कर्व्हमधले दोष कसे शोधायचे

थ्रीडी अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्या नाशिकरोडच्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. गोदाघाटावर एक आजी कळशी घेऊन पायऱ्या उतरतात, २४ एफपीएसला (सेकंदाला २४ फ्रेम) ८४ फ्रेमचा शॉट. ब्लॉकिंग, म्हणजे मुख्य पोजची कच्ची मांडणी, छान दिसत होतं. स्प्लाइन केल्यावर, म्हणजे पोजमधल्या फ्रेम सॉफ्टवेअरने सलग भरल्यावर, ३५ व्या फ्रेमला गुडघा झटका देतो, टेकलेलं पाऊल पायरीत बुडतं, रेंडरमध्ये ४६ वरून ४७ वर जाताना मनगट गरकन फिरतं आणि ६० ला कळशी हातातून कमरेवर घेताना उडी मारते. "दादा, सगळे कर्व्ह सिलेक्ट करून स्मूद मारला. झटके कमी झाले, पण आजी पाण्याखाली चालल्यासारख्या दिसायला लागल्या. सगळं डिलीट करून पुन्हा करू का?"

नको. डिलीट करू नकोस आणि ती स्मूद केलेली फाइलही वापरू नकोस. त्याच्या आधीची फाइल उघड, नव्या नावाने सेव्ह कर आणि तिच्यावर काम सुरू कर. तुझ्या शॉटमध्ये चार वेगवेगळे आजार आहेत आणि चारही आजारांवर तू एकच गोळी दिलीस. ताप उतरल्यासारखा वाटला, पण आजार तसेच राहिले, वर आजींच्या चालण्यातला जीव गेला.

ग्राफ एडिटरमध्ये प्रत्येक हालचाल एका रेषेच्या, म्हणजे कर्व्हच्या रूपात दिसते आणि ठरावीक फ्रेमला नोंदवलेली किंमत म्हणजे की. पण सुरुवात ग्राफ एडिटरपासून करू नकोस. हे मी दर बॅचला सांगतो आणि दर बॅचला मुलं आधी ग्राफ एडिटरच उघडतात. आधी प्लेब्लास्ट (शॉटचा झटपट व्हिडिओ) काढ, त्यावर फ्रेम नंबर दिसू दे आणि तो खऱ्या वेगाने बघ. व्ह्यूपोर्टमध्ये, म्हणजे काम करतानाच्या खिडकीत, दिसणाऱ्या झटक्यावर विश्वास ठेवू नकोस. रिग (कॅरेक्टर हलवायचा सांगाडा) जड असली की मशीन मधल्या फ्रेम गाळतं आणि तुला वाटतं कॅरेक्टर अडखळतंय. उलट 'प्रत्येक फ्रेम दाखव' ही सेटिंग चालू असली तर सगळंच संथ चालतं आणि खरा झटका नजरेतून सुटतो. प्लेब्लास्टमध्येही झटका दिसला, तरच तो कर्व्हमध्ये आहे.

मग एकेक फ्रेम पुढे जात शरीराचा एकच बिंदू धर. मी अजूनही मॉनिटरवर पारदर्शक प्लास्टिकचा कागद चिकटवतो आणि मार्करने दर फ्रेमला ठिपका देतो. माया सॉफ्टवेअरमध्ये मोशन ट्रेल आहे, ब्लेंडर सॉफ्टवेअरमध्ये मोशन पाथ आहे, दोन्ही चांगले आहेत. पण हाताने ठिपके देताना अंतर डोळ्यांत भरतं. तुझ्या आजींच्या गुडघ्यावर देऊन बघ. ३० ते ३३ पर्यंत ठिपके जवळपास सारख्या अंतरावर येतील, ३४ चा जरा लांब पडेल, ३५ चा एकदम उडी मारून पुढे जाईल आणि ३६ चा मागे येईल. तो मागे आलेला ठिपका म्हणजे तुझा झटका. आता फ्रेम कळली, अवयव कळला. आता ग्राफ एडिटर उघड.

उघडलास की गुडघ्याचा कर्व्ह शोधायला जाशील, आणि तो तिथे नसेलच. पाय आयकेवर (इन्व्हर्स किनेमॅटिक्स) आहे. आयकेमध्ये गुडघ्याला स्वतःची की नसते. कंबर कुठे आहे आणि पाऊल कुठे आहे, यावरून गुडघ्याचा कोन सॉफ्टवेअर काढतं. म्हणजे झटका दिसतो गुडघ्यात, पण तो येतो कंबरेच्या किंवा पावलाच्या कर्व्हमधून. तू पोल व्हेक्टरला (गुडघ्याची दिशा ठरवणारा कंट्रोल) की मारून गुडघा दाबायचा प्रयत्न केला असशील. तसं केलं असशील तर त्या कीज आधी काढून टाक.

पाय सरळ होत आला की हा झटका का येतो, ते एकदा आकड्यांत बघ, म्हणजे आयुष्यभर लक्षात राहील. समज मांडी ४० युनिट आणि नडगी ४० युनिट. खुबा ते घोटा हे अंतर ४० वरून ४१ झालं तर गुडघ्याचा कोन ६० अंशांवरून साधारण ६१.७ होतो. पावणेदोन अंश, कुणाला दिसणारही नाही. तेच अंतर ७८ वरून ७९ झालं तर कोन १५४ वरून १६२ वर जातो. आणि ७९ वरून ८० झालं तर १६२ वरून थेट १८०. तेवढंच एक युनिट, पण गुडघा १८ अंश उघडला, आणि तोही एखाद्या फ्रेममध्ये. कंबरेचा कर्व्ह कितीही गुळगुळीत असू दे, पाय पूर्ण ताणला गेला की गुडघा झटका देणारच. म्हणून स्मूद मारून हा दोष जात नाही, फक्त पुढेमागे सरकतो.

याची आणखी एक खूण आहे. ३५ व्या फ्रेमला थांब आणि घोटा पावलाच्या कंट्रोलरच्या आतच आहे का, ते बघ. कंट्रोलर पुढे गेलाय आणि घोटा मागे राहिलाय, असं दिसलं तर पाय पुरत नाहीये. कंबर फार वर आहे.

तुझ्या शॉटमध्ये असं व्हायचं कारण मला न बघताही सांगता येतं, कारण पायऱ्या उतरण्याचा पहिला शॉट करणारा जवळपास प्रत्येक जण हीच चूक करतो. तू कंबरेची खाली यायची हालचाल पाऊल टेकल्यावर, म्हणजे ३८ नंतर ठेवली आहेस. आजींचं पाऊल खालच्या पायरीकडे निघालं, कंबर मात्र वरच्याच पायरीच्या उंचीवर. पाय ताणला जाणारच.

एकदा सकाळी रामकुंडावर जाऊन बस. मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचं असेल तर लोकांना विचारून कर, नाहीतर नुसतं बघ. वयस्कर माणूस ओल्या पायरीवरून उतरताना आधी वरच्या पायाचा गुडघा वाकवतो. त्यामुळे कंबर खाली येऊ लागते आणि खालचं पाऊल अजून हवेतच असतं. मग चवडा टेकतो, मागून टाच. बरेच जण जरा तिरपे होऊन उतरतात. म्हणजे कंबर पावलाच्या आधी निघते. तू कंबरेची वरची की ३८ वरून ३२ वर आण. त्यानंतरही पाय ताणलेला वाटला तर ३५ च्या आसपास कंबर एक-दोन युनिट आणखी खाली घे. रिगमध्ये सॉफ्ट आयके (पाय सरळ होतानाचा झटका मऊ करणारी सोय) किंवा स्ट्रेच (पाय किंचित लांबवणारी सोय) असेल तर थोडा वापरायला हरकत नाही, पण तो शेवटचा हात. आधी कंबर.

पाऊल पायरीत बुडतं, ते काम सोपं आहे. पाऊल ३८ ला टेकतं आणि ५२ ला उचलतं. दोन्ही कीजची किंमत सारखी आहे, तरी मधला कर्व्ह खाली झोळ घेतोय. कारण त्यांचे टँजंट, म्हणजे कीपाशी रेषेचा कल ठरवणारी हँडल, शेजारच्या कीजचा कल बघून तिरके झालेत. पाऊल वेगात खाली आलं तोच वेग टँजंट ३८ च्या पुढेही नेतो आणि रेषा जमिनीखाली जाते. दोन्ही कीजचे आतले, ३८ ते ५२ च्या पट्ट्याकडचे टँजंट फ्लॅट कर. मायामध्ये प्लॅटो (Plateau) किंवा क्लॅम्प्ड, ब्लेंडरमध्ये ऑटो क्लॅम्प्ड हा टँजंटचा प्रकार वापरलास तर असा झोळ पडत नाही. फक्त ३८ च्या आत येणाऱ्या बाजूचा टँजंट फ्लॅट करू नकोस. तिथे हँडल तोड आणि येणारी बाजू तिरकीच ठेव. नाहीतर पाऊल टेकायच्या आधीच हळू होतं आणि वजन जातं. आजींच्या हातात भरलेली कळशी आहे, वजन दिसायलाच हवं.

आणि एवढ्यावर थांबू नकोस. मुलं फक्त वर-खालीचा कर्व्ह दुरुस्त करतात आणि पाऊल आडवं सरकत राहतं. ३८ ते ५२ या पट्ट्यात पावलाचे सहाही कर्व्ह, तीन जागेचे आणि तीन फिरण्याचे, ताणलेल्या दोरीसारखे आडवे हवेत. टाच टेकण्यासाठी फूट रोल (टाच-चवडा फिरवणारा कंट्रोल) वापरला असशील तर तेवढाच चॅनल हलेल, बाकी काही नाही. किमती डोळ्यांनी जुळवू नकोस. १२.००० आणि १२.०३७ ग्राफमध्ये एकाच रेषेत दिसतात, पण क्लोजअपमध्ये टाच घसरताना दिसते. ३८ ची की कॉपी करून ५२ वर पेस्ट कर.

आता मनगट. इथे थोडं थांबून समजून घे, कारण हा दोष पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

४६ ला मनगटाच्या एका अक्षाची किंमत १७८ असेल आणि ४७ ला उणे १७९. प्रत्यक्षात हात फक्त तीन अंश फिरलाय, कारण उणे १७९ आणि १८१ ही एकच दिशा. पण कर्व्हला दिशा कळत नाही, आकडा कळतो. तो १७८ वरून उणे १७९ वर जाताना ३५७ अंशांचा उलटा फेरा मारतो. दोन्ही कीज लागोपाठच्या फ्रेमवर असतील तर पोज बरोबर दिसतात, व्ह्यूपोर्टमध्ये काहीच खटकत नाही, आणि रेंडरमध्ये मोशन ब्लर चालू केला की त्या एका फ्रेमला मनगटाचा धूसर भोवरा होतो. असा दोष रात्रभर रेंडर लावून सकाळी सापडतो, म्हणून रेंडरच्या आधी रोटेशनच्या कर्व्हमध्ये उभे कडे शोधायची सवय लाव.

उपाय म्हणजे ऑयलर फिल्टर, रोटेशनच्या आकड्यांतल्या अशा उड्या काढणारी सोय. तिन्ही रोटेशन कर्व्ह एकत्र सिलेक्ट करून चालव, एकट्यादुकट्यावर नको. तिन्ही अक्षांना त्याच त्या फ्रेमवर कीज असायला हव्यात, नसतील तर आधी मारून घे. फिल्टरने काम झालं नाही तर हाताने कर: ४७ पासून पुढच्या त्या अक्षाच्या सगळ्या कीज निवड आणि ३६० ने वर सरकव. उणे १७९ चे १८१ होतील आणि कडा नाहीसा होईल.

पण फिल्टरनंतरही मनगट वेडंवाकडं फिरत असेल तर तो गिंबल लॉक आहे. ऑयलर पद्धतीच्या रोटेशनमध्ये तीन अक्ष एकात एक बसवलेले असतात. मधला अक्ष ९० अंशांजवळ गेला की पहिला आणि तिसरा एकाच रेषेत येतात आणि एक दिशा हातातून जाते. मग थोडंसं वळवायलाही दोन कर्व्ह विरुद्ध दिशांना मोठमोठ्या उड्या घेतात. ग्राफमध्ये एक्स आणि झेड एकमेकांची आरशातली प्रतिमा असल्यासारखे वर-खाली पळताना दिसले की समज. यावर खरा उपाय शॉट सुरू करायच्या आधीच असतो: रोटेशन ऑर्डर अशी निवडायची की ज्या अक्षावर सगळ्यात कमी फिरायचंय तो मध्ये येईल. एक्स-वाय-झेड ऑर्डरमध्ये वाय मध्ये असतो. कळशी धरलेलं मनगट कोणत्या अक्षावर सगळ्यात कमी वळतं, ते रिगवर हात फिरवून बघ आणि मग ठरव. आता शॉट अर्धा झालाय, तर ४४ ते ५० मधल्या मनगटाच्या कीज काढून टाक आणि त्याच दोन टोकांच्या पोजमध्ये, गिंबल मोडमध्ये बघत, एकच मधली पोज नव्याने मांड. बहुतेक वेळा एवढं पुरतं.

ब्लेंडरमध्ये करत असशील तर हाडं मुळात क्वाटर्निअनवर (फिरणं चार आकड्यांत मांडायची पद्धत) असतात. तिथे गिंबल लॉक नाही, पण चार कर्व्ह मिळून एक फिरणं होतं, त्यातला एकटा ओढून काही दुरुस्त होत नाही. आणि चारही किमतींची चिन्हं एका की वरून पुढच्या कीवर एकदम उलटली असतील, तर दोन्ही पोज एकच असूनही मधल्या फ्रेम बिघडतात. त्या कीच्या चारही किमती उणे एकने गुणल्या की झालं.

आता त्या स्मूदबद्दल. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे नाशिक ढोल वाजवणाऱ्या पथकाचा मोकॅप (खऱ्या माणसांची टिपलेली हालचाल) डेटा आला होता. दर फ्रेमला की, कर्व्ह काटेरी, नुसता थरथराट. मी सगळ्या हातांवर एकदाच लो-पास फिल्टर मारला. रेषा सुंदर झाल्या. प्ले केलं तर वादक टिपरू ढोलावर मारत नव्हता, ठेवत होता. ढोलाचा आवाज एकीकडे, हात दुसरीकडे. फिल्टरला थरथर आणि टोला यातला फरक कळत नाही. दोन्ही झपाट्याने बदलणाऱ्या हालचाली, त्याने दोन्ही कापल्या. टिपरू चामड्यापर्यंत पोचण्याआधीच वळून परत जात होतं, कारण टोकाची सगळ्यात उंच किंमतच छाटली गेली होती. तो दिवस आणि पुढचे दोन दिवस मी प्रत्येक टोला हाताने परत बसवला. तेव्हापासून पद्धत ठरली: आधी आवाजावरून टोल्याच्या फ्रेमवर खुणा करायच्या, ती फ्रेम आणि तिच्या आगेमागे एकेक फ्रेम बाजूला ठेवायची आणि फक्त दोन टोल्यांमधल्या पट्ट्यांवर हलका फिल्टर चालवायचा. २४ एफपीएसला एक फ्रेम म्हणजे जवळजवळ ४२ मिलिसेकंद. ढोलासारख्या वाद्यात दोन फ्रेमचा उशीर प्रेक्षकाला लगेच जाणवतो. कारण सांगता येत नाही, पण जाणवतो.

टोल्याच्या फ्रेमला ग्राफ बघशील तर तो इंग्रजी 'व्ही'सारखा टोकदार दिसतो. टोक बरोबर आहे. ते गोल केलंस की हात पीठ मळल्यासारखा दिसतो. तसंच आजींच्या पावलाचं: ३८ ला कर्व्हला कोपरा हवाच, कारण पायरी दगडाची आहे. कोपरा दिसला की गोल करायचा, ही सवय सोड. त्या कोपऱ्याला शॉटमध्ये कारण आहे का, ते विचार. पाऊल दगडाला टेकलं, टिपरू चामड्यावर आपटलं, कळशी ओट्यावर ठेवली, तर कोपरा राहू दे. हवेतल्या हाताच्या मध्यावर कोपरा असेल तर तो दोष.

याच्या उलटही घडतं. तिन्ही रोटेशन कर्व्ह पुस्तकात छापावेत इतके देखणे असतात आणि हाताची वाट मात्र पडद्यावर तुटकी दिसते. हाताचं पडद्यावरचं वळण खांदा, कोपर आणि मनगट मिळून बनतं, एका कर्व्हवरून ते दिसत नाही. तेव्हा ठिपक्यांकडे परत जा. आणि शोधताना नेहमी वरून खाली ये: कंबर, कणा, छाती, खांदा, कोपर, मनगट. कंबरेचे कर्व्ह म्यूट कर आणि प्ले कर. हाताचा झटका गेला तर तो कंबरेचा होता. राहिला तर छाती म्यूट कर. चार-पाच खेपांत मूळ सापडतं. मनगटावर उलट्या कीज मारून कंबरेचा दोष झाकायला गेलास, तर पुढे दिग्दर्शकाने कंबरेत बदल सांगितला की सगळं उघडं पडतं.

दोष सापडला की पहिली क्रिया की काढायची, वाढवायची नाही. मी तुझी फाइल पाहिली नाही, पण ३४, ३५, ३६ अशा लागोपाठ कीज तिथे असणार, झटका दाबायला मारलेल्या. मधली काढून बघ. अर्ध्या वेळा तेवढ्यानेच कर्व्ह मोकळा होतो.

एक छोटी तपासणी, विसरू नकोस. टायमिंग बदलताना कीज स्केल केल्या असतील तर त्या २३.४ सारख्या अर्ध्यामुर्ध्या फ्रेमवर बसल्या असतील. रेंडर २३ आणि २४ बघतं, तुझी नेमकी पोज कधीच दिसत नाही. २४ एफपीएसची फाइल ३० च्या सीनमध्ये आणली तरी हेच होतं, १० व्या फ्रेमची की १२.५ वर जाते. सगळ्या कीज पूर्ण फ्रेमवर स्नॅप कर आणि स्नॅपमध्ये दोन कीज एकावर एक येऊन एक गेली नाही ना, ते बघ.

राहिली कळशी. ६० ला ती हाताच्या स्पेसमधून कमरेच्या स्पेसमध्ये जाते, म्हणजे हाताबरोबर हलायची ती कमरेबरोबर हलू लागते. तिथे उडी येण्याची कारणं दोनच. पहिलं, स्पेस बदलणाऱ्या चॅनलचा टँजंट स्प्लाइन राहिलाय, म्हणून कळशी काही फ्रेम अर्धी हातात आणि अर्धी कमरेवर असते. तो स्टेप्ड (मधल्या किमती न भरणारा) कर, ५९ ला हात, ६० ला कंबर, मध्ये काही नाही. दुसरं, स्पेस बदलल्यावर कळशीची जागा जुळवलेली नाही. ५९ ला कळशीच्या जागेची आणि फिरण्याची की मार. ६० वर जा, स्पेस बदल आणि कळशी ५९ ला जगात जिथे होती तिथून पुढच्या एका फ्रेमइतकीच सरकलेली दिसेल अशी बसवून की मार. ५९ आणि ६० मधले तिचे कर्व्ह मोठी उडी घेतील. ती घेऊ दे, स्पेस बदलली म्हणून आकडे बदलले. फक्त त्या दोन कीजमधला तुकडा स्टेप्ड ठेव, नाहीतर मोशन ब्लरला कळशी पुन्हा धूसर होईल.

आणि ६२ पासून आजींची कंबर कळशीच्या बाजूला किंचित कलू दे, कळशी कमरेवर आल्यावर दोन फ्रेमनी. आत्ता ती कमरेला चिकटते, पण कमरेला तिचा भार कळत नाही. एवढं करून फ्रेम नंबरसह नवा प्लेब्लास्ट पाठव, मी ३० ते ६५ नीट बघून कळवतो.